मुलूख मिळत असताना हुकूमशहा थांबत का नाही? ऱ्हाईनलँड ते पर्ल हार्बर

उत्तरवाट (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट आपण बहुतेकदा १ सप्टेंबर १९३९ पासून सांगतो. जर्मनीने पोलंडवर हल्ला केला, दोन दिवसांनी ब्रिटन-फ्रान्सने युद्ध पुकारलं आणि हळूहळू सगळं जग त्यात ओढलं गेलं. मला पडतो तो प्रश्न त्याच्या आधीचा आहे. १९३६ ते १९३९ या काळात हिटलरने मोठी लढाई न करता ऱ्हाईनलँडमध्ये (फ्रान्सलगतचा, तहाने जर्मन सैन्याला बंदी असलेला जर्मन प्रदेश) फौज घातली, ऑस्ट्रिया घेतला, चेकोस्लोव्हाकियाचा सीमेवरचा सुडेटनलँड हा पट्टा घेतला आणि मग उरलेला चेक मुलूखही गिळला. एवढं फुकटात पदरात पडल्यावर तो थांबला का नाही? "माणूसच माथेफिरू होता" या उत्तराने माझं समाधान होत नाही. त्या राजवटीने स्वतःची घडीच अशी बसवली होती की घेतलेल्या प्रत्येक मुलखातून पुढच्या मुलखाची गरज तयार व्हायची. थांबणं दर पावलाला आणखी महाग पडत गेलं.

आधी पैशाचं बघू. सत्तेवर आल्याबरोबर शस्त्रनिर्मितीचा जो सपाटा सुरू झाला, त्याला तिजोरीत पैसा नव्हता. म्हणून राइख्सबँकेचे (जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचे) प्रमुख श्याख्ट यांनी मेफो हुंड्यांची शक्कल काढली. एका नावापुरत्या कंपनीवर हुंड्या काढायच्या, त्या शस्त्रं बनवणाऱ्या कारखान्यांना द्यायच्या आणि त्या वटवायची हमी राइख्सबँकेने घ्यायची. सरकारच्या जमाखर्चात ते कर्ज दिसायचंच नाही. १९३८ पर्यंत अशा सुमारे १२ अब्ज मार्कांच्या हुंड्या निघाल्या. पण हुंडीवर देशातला पोलाद कारखाना चालतो, परदेशातलं लोहखनिज, रबर, तांबं आणि तेल येत नाही. त्याला परकीय चलन लागतं आणि नेमका त्याचाच खडखडाट होता. यावर एक रस्ता म्हणजे शस्त्रांचा वेग कमी करून निर्यात वाढवणं. ऑगस्ट १९३६ च्या टिपणात हिटलरने तो रस्ता बंद केला: चार वर्षांत सैन्य लढायला तयार हवं आणि अर्थव्यवस्था युद्धाला तयार हवी. ५ नोव्हेंबर १९३७ च्या बैठकीत, जिची टिपणं होसबाख या अधिकाऱ्याने ठेवली, तो सेनाप्रमुखांना सांगतो की १९४३-४५ नंतर वेळ आपल्या बाजूने राहणार नाही, कारण तोवर इतरांची शस्त्रसज्जता आपल्या पुढे गेलेली असेल. म्हणजे घड्याळ त्याने स्वतःच लावून घेतलं होतं.

मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया घेतल्यावर व्हिएन्नाच्या मध्यवर्ती बँकेचं सोनं बर्लिनला गेलं. राइख्सबँकेच्या जाहीर साठ्याच्या कितीतरी पट होतं ते. काही महिने श्वास घेता आला आणि तो श्वास शस्त्रांचा वेग आणखी वाढवण्यात खर्च झाला.

चेकांच्या बाबतीत तर ही यंत्रणा अगदी उघडी पडते. १४ मार्च १९३९ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष एमिल हाखा रेल्वेने बर्लिनला पोचले. वय ६६, प्रकृती तोळामासा, पेशाने न्यायाधीश. त्यांना मध्यरात्र उलटून जाईपर्यंत ताटकळत ठेवलं. मग हिटलरने सांगितलं की सैन्याला सकाळी आत शिरायचा हुकूम दिलेला आहे. हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याने प्रागवर बॉम्ब टाकायची धमकी दिली. हाखा कोसळले. हिटलरच्याच डॉक्टरने इंजेक्शन देऊन त्यांना शुद्धीवर आणलं आणि पहाटे चारच्या सुमाराला सही घेतली. तोपर्यंत जर्मन तुकड्या ओस्त्रावा या चेक शहरामध्ये घुसल्याही होत्या.

त्यानंतर काही दिवसांतच बासेलच्या आंतरराष्ट्रीय देणी बँकेकडे प्रागहून पत्र गेलं की चेकांच्या खात्यातलं २३.१ टन सोनं राइख्सबँकेच्या खात्यात वर्ग करावं. ते सोनं होतं लंडनमध्ये, बँक ऑफ इंग्लंडच्या तिजोरीत. प्रागमध्ये जर्मन फौज बसलेली असताना निघालेला हा हुकूम खरा की दबावाखालचा, हे विचारायला कोणी थांबलं नाही. नोंद बदलली आणि मालक बदलला. शिवाय पिल्झनचा स्कोडा कारखाना, प्रागचे रणगाडे बनवणारे कारखाने आणि चेक सैन्याची सगळी शस्त्रं हाती आली. मे १९४० मध्ये जर्मन सेनापती रोमेलची सातवी पँझर (रणगाड्यांची) डिव्हिजन फ्रान्समध्ये मुसंडी मारत गेली, तेव्हा तिच्या रणगाड्यांतला मोठा हिस्सा चेक बनावटीचा होता.

यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा. इटली आणि जपानबद्दल जाणकारांनी भर घालावी.

दगडफूल

उत्तम मांडणी. पण ऱ्हाईनलँडवरून तुम्ही एका शब्दात पुढे गेलात, आणि माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथे आहे. ७ मार्च १९३६ ला ऱ्हाईन ओलांडून पश्चिम काठावर गेल्या त्या जेमतेम तीन बटालियन, आखन, ट्रियर आणि झारब्रुकेनकडे. फ्रेंच सैन्य हललं असतं तर त्यांना मागे फिरावं लागलं असतं. पण पॅरिसमध्ये निवडणुकीपर्यंतचं काळजीवाहू सरकार होतं आणि सरसेनापती गामलँ सांगत होते की मोठ्या प्रमाणावर सैन्यभरती केल्याशिवाय काही करता येणार नाही. लंडनमध्ये तर "जर्मन स्वतःच्याच अंगणात चाललेत" असा सूर होता.

परिणाम काय झाला ते बघा. आधी ऱ्हाईनलँड मोकळं होतं, म्हणजे जर्मनीने प्राग किंवा वॉर्सावर हात टाकला तर फ्रान्सला थेट रूरच्या कारखान्यांवर चालून जाता आलं असतं. फ्रान्सने पूर्वेकडच्या देशांशी केलेले सगळे तह या एका शक्यतेवर उभे होते. तिथे तटबंदी सुरू झाली आणि ते तह कागदावर राहिले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियमने फ्रान्सची साथ सोडून पुन्हा तटस्थतेचा रस्ता धरला. एक पट्टा गेला आणि हजार किलोमीटर पलीकडची राजधानी उघडी पडली. कोणती जमीन गेली यापेक्षा त्या जमिनीमागे कोणाचं संरक्षण उभं होतं हे बघायला हवं.

निळी शाई

इटलीबद्दल. ही कडी फार कमी लोक जोडतात, म्हणून सविस्तर लिहिते.

२५ जुलै १९३४ ला ऑस्ट्रियन नाझींनी व्हिएन्नात चॅन्सेलर डोलफुस यांचा खून केला. त्या दिवशी डोलफुस यांची बायको-मुलं इटलीत समुद्रकिनाऱ्यावर मुसोलिनीच्या घरची पाहुणी होती. खुनाची बातमी त्या बाईंना मुसोलिनीने स्वतः सांगितली. मग त्याने ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या ब्रेनर खिंडीकडे सैन्य रवाना केलं आणि हिटलरने हात झटकले. म्हणजे १९३४ मध्ये ऑस्ट्रियाचा राखणदार कोण, तर एक हुकूमशहा.

पुढे ऑक्टोबर १९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर हल्ला केला. राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स) निर्बंध घातले खरे, पण त्यांत तेल नव्हतं. सुएझ कालवाही बंद केला नाही, इटलीची जहाजं सैन्य भरून त्यातूनच जात राहिली. इथिओपियन लोकांवर मस्टर्ड गॅस टाकला गेला. ५ मे १९३६ ला आदिस अबाबा पडलं. ३० जूनला सम्राट हाइले सेलासी जिनिव्हाला उभे राहिले, तेव्हा इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या वाजवून त्यांचं भाषण बंद पाडायचा प्रयत्न केला. आठवड्याभरात राष्ट्रसंघाने निर्बंध उठवायचा ठराव केला. हे वाचताना आजही राग येतो.

निर्बंध एवढे ढिले की इटली थांबली नाही, आणि एवढे बोचरे की ती ब्रिटन-फ्रान्सपासून तुटून हिटलरकडे सरकली. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रियात जर्मन सैन्य शिरलं तेव्हा ब्रेनरवर एकही इटालियन तुकडी आडवी आली नाही. आफ्रिकेतल्या एका राज्याचा बळी गेला आणि त्याने युरोपातल्या एका राज्याचं दार उघडलं.

साधा_वाचक

माहिती भरपूर आहे, पण नियम म्हणून हे मला पटत नाही. स्पेनचा फ्रँको हुकूमशहाच होता, त्याने कुठे जग पेटवलं? १९८२ मध्ये अर्जेंटिनाच्या लष्करशहांनी फॉकलंड बेटं घेतली, दहा आठवड्यांत प्रकरण संपलं. १९९० मध्ये सद्दामने कुवेत गिळलं, सात महिन्यांत बाहेर फेकला गेला. आणि ज्या ब्रिटन-फ्रान्सला तुम्ही राखणदार म्हणताय, त्यांनी अर्धं जग आधीच बळकावलेलं होतं. दुसऱ्याने शेजाऱ्याचा प्रांत घेतला की तेवढा विस्तारवाद?

उत्तरवाट

साधा_वाचक, रास्त मुद्दे आहेत. शेवटचा आधी घेतो. ब्रिटिश साम्राज्य बंदुकीच्या जोरावर उभं होतं यात वाद नाही. आणि त्या साम्राज्यामुळेच युरोपातलं युद्ध एका दिवसात जगभर गेलं. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या एकाही निवडून आलेल्या प्रतिनिधीला न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर करून टाकलं. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळं बाहेर पडली. पोलंडच्या सीमेवरची ठिणगी इथवर यायला साम्राज्याच्या वाटा आधीच आखलेल्या होत्या.

फ्रँकोचं म्हणाल तर त्याला धान्य आणि तेल अटलांटिकमार्गे येत होतं आणि तो समुद्र ब्रिटिश आरमाराच्या ताब्यात होता. ऑक्टोबर १९४० मध्ये फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या आंदाईला हिटलर त्याला भेटला, तेव्हा त्याने युद्धात उतरण्यासाठी मागण्यांची भलीमोठी यादी पुढे केली. यादवी युद्धाने देश पोखरलेला होता, विस्तार करायला अंगात ताकदच नव्हती.

सद्दामचं उदाहरण मात्र माझ्याच बाजूचं आहे. इराणशी आठ वर्षं लढून तो कर्जात बुडाला होता आणि सावकारांत कुवेतही होता. म्हणजे आधीच्या युद्धाचा खर्च भागवायला पुढचा मुलूख. फरक पडला तो बाहेर. सोव्हिएत संघ त्याच्या पाठीशी उभा राहिला नाही, सुरक्षा परिषदेत बळाच्या वापराला परवानगी देणाऱ्या ठरावाच्या बाजूने त्याने मत दिलं. म्हणून मी नियमात एवढी दुरुस्ती करेन: अशी राजवट थांबत नाही हे अर्धं उत्तर. युद्ध पसरतं ते तिला दुसरी मोठी सत्ता साथ देते किंवा वाटा मागते तेव्हा. ऑक्टोबर १९३८ मध्ये चेकांचे लचके तुटत असताना पोलंडनेही तेशेनचा पट्टा घेतला, पुढच्या महिन्यात हंगेरीने दक्षिण स्लोव्हाकिया घेतला. उद्या ज्यांनी एकत्र उभं राहायला हवं होतं, ते आज लुटीत भागीदार झाले.

नवखा०७

+१. वाचतोय, लिहीत राहा.

पानगळ

जपानबद्दल लिहिल्याशिवाय धागा पुरा होणार नाही. उलट ही साखळी तिथे जास्त स्पष्ट दिसते.

१८ सप्टेंबर १९३१ च्या रात्री मांचुरियातल्या मुकदेनजवळ जपानच्याच ताब्यातल्या रेल्वेमार्गावर एक छोटा स्फोट झाला. क्वांगतुंग सेनेच्या (मांचुरियातल्या जपानी सैन्याच्या) अधिकाऱ्यांनी तो स्वतःच घडवून चिन्यांवर ढकलला. स्फोट इतका किरकोळ होता की थोड्या वेळाने त्याच रुळांवरून गाडी गेली. टोकियोचं मंत्रिमंडळ म्हणत होतं की प्रकरण वाढवू नका, पण सेना मांचुरियाभर पसरत राहिली. मे १९३२ मध्ये पंतप्रधान इनुकाई यांना नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी घरात घुसून गोळ्या घातल्या. फेब्रुवारी १९३६ मध्ये लष्करी खर्चाला लगाम घालू पाहणारे अर्थमंत्री ताकाहाशी यांना बिछान्यात मारलं. थांबा म्हणणारी माणसं अशी एकेक करून संपवली गेली.

मांचुरिया मिळाला, मग त्याच्या सुरक्षेसाठी उत्तर चीन हवा झाला. जुलै १९३७ मध्ये मार्को पोलो पुलाजवळच्या चकमकीतून पूर्ण युद्ध पेटलं. शांघाय पडलं, नानजिंग पडलं, तिथे झालेल्या कत्तलीबद्दल लिहिताना हात थरथरतो. पण चीन शरण येईना. च्यांग कै-शेकचं सरकार आत चोंगछिंगला गेलं आणि त्याला ब्रह्मदेशातून आणि फ्रेंच इंडोचायनातून रसद येत राहिली. ती तोडायची म्हणून फ्रान्स पडल्यावर सप्टेंबर १९४० मध्ये जपानी सैन्य उत्तर इंडोचायनात शिरलं, जुलै १९४१ मध्ये दक्षिणेत. त्यावर अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि तेल बंद केलं, ब्रिटन आणि डचांनीही तेच केलं. जपानचं सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेतून येत होतं.

आता कैची बघा. तेल परत हवं असेल तर चीनमधून मागे फिरा, असं अमेरिकेचं म्हणणं. चार वर्षांत लाखो सैनिक गमावल्यावर मागे फिरायचं तर सेनेने देशाला काय तोंड दाखवायचं? दुसरा मार्ग म्हणजे डच ईस्ट इंडीजमधल्या तेलविहिरी घेणं. त्या वाटेवर सिंगापूरला ब्रिटिश आणि फिलिपीन्समध्ये अमेरिकन. नौदलाचा साठा रोज घटत होता, म्हणून उशीरही परवडत नव्हता. अमेरिकेचं आरमार आधी जायबंदी करायचं ठरलं आणि पर्ल हार्बर घडलं. त्याच सुमाराला मलायात कोटा बारूच्या किनाऱ्यावर जपानी सैनिक उतरत होते. दहा वर्षांपूर्वी रुळाचा एक तुकडा उडवला होता, तिथपासून इथपर्यंत.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळामागे सरकारी धोरणं, होड्या जप्त करणं, साठेबाजी अशी कारणं आहेतच, पण हाही त्यातला एक धागा. त्या दुष्काळात लाखो माणसं गेली. कुठलं मुकदेन आणि कुठलं बंगालमधलं मिदनापूर.

साधा_वाचक

पण जपानमध्ये हुकूमशहा कोण होता? सम्राट, पंतप्रधान तोजो, की आणखी कोणी? संसद तर शेवटपर्यंत होती.

पानगळ

एकच असा नव्हता, आणि म्हणूनच ते उदाहरण जास्त भयंकर वाटतं. राज्यघटनेप्रमाणे सैन्य थेट सम्राटाला जबाबदार, मंत्रिमंडळाला नाही. १९३६ पासून सेवेतला जनरल किंवा ॲडमिरलच युद्धमंत्री, नौदलमंत्री होऊ शकत होता. सेनेने माणूस दिला नाही की सरकार कोसळायचं. नकाराधिकार एका माणसाच्या हातात असो की सेनाधिकाऱ्यांच्या, "आता पुरे" म्हणायची सोय दोन्हीकडे मोडलेली होती.

मधली_ओळ

सप्टेंबर १९३८ च्या म्युनिक कराराबद्दल, ज्याने सुडेटनलँड हिटलरला देऊन टाकलं, एक वेगळी बाजू. ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेनला शिव्या घालणं सोपं आहे. सप्टेंबर १९३८ मध्ये ब्रिटनच्या हवाई दलात स्पिटफायर ही लढाऊ विमानं नुकती यायला लागली होती आणि हरिकेन या दुसऱ्या लढाऊ विमानाच्या स्क्वाड्रन मोजक्याच होत्या. वर्षभरात किनाऱ्यावर रडारची साखळी उभी राहिली. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटन तगलं ते या मिळालेल्या वेळामुळे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे देशही १९३८ मध्ये लढायला तयार नव्हते.

दगडफूल

मधली_ओळ, वेळ दोघांनाही मिळाला, हिशोब दोन्हीकडचा मांडायला हवा. सप्टेंबर १९३८ मध्ये चेकांनी दहा लाखांवर सैनिक उभे केले होते आणि डोंगराळ सीमेवर पक्की तटबंदी होती. जर्मन सेनेतच धास्ती होती. जर्मन लष्कराच्या जनरल स्टाफचे प्रमुख बेक यांनी ऑगस्टमध्ये याच कारणासाठी पद सोडलं. म्युनिकमध्ये ज्यांच्या देशाचे तुकडे पडत होते त्या चेक प्रतिनिधींना हॉटेलात बसवून ठेवलं होतं, मध्यरात्रीनंतर नकाशा हातात दिला. तटबंदी न लढता गेली. वर्षभराने तेच सैन्य, तोच कारखाना, तेच सोनं समोरच्या बाजूला.

आणि त्याहून मोठं नुकसान मॉस्कोत झालं. ३१ मार्च १९३९ ला ब्रिटनने पोलंडला हमी दिली. पण पोलंडपर्यंत पोचणार कोण? तिथे सैन्य नेऊ शकेल असा एकच देश होता, सोव्हिएत संघ, आणि म्युनिकला त्याला बोलावलंही नव्हतं. ऑगस्टमध्ये ब्रिटिश-फ्रेंच लष्करी शिष्टमंडळ बोलणी करायला निघालं ते एका संथ जहाजाने. ५ तारखेला निघून ११ ला मॉस्कोत. ब्रिटिशांचे प्रमुख ॲडमिरल ड्रॅक्स यांच्याकडे करार करायचं अधिकारपत्रच नव्हतं. सोव्हिएत संरक्षणमंत्री व्होरोशिलोव्हने सरळ प्रश्न टाकला की लाल सेनेला पोलंडमधून जाऊ देणार का? उत्तर नव्हतं, कारण पोलंडची तयारी नव्हती, आणि त्यांच्या भीतीलाही इतिहास होता. २३ ऑगस्टला जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप विमानाने मॉस्कोत आला आणि त्याच रात्री जर्मनी-सोव्हिएत अनाक्रमण करारावर सही झाली. १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या, नोव्हेंबरअखेर फिनलंडवर हल्ला, पुढच्या वर्षी बाल्टिक देश आणि बेसारेबिया. एका हुकूमशहाच्या वाढीला दुसऱ्याने शह देण्याऐवजी वाटणी केली.

निळी शाई

या वाटण्यांची किंमत कोणी मोजली याचं एकच उदाहरण. कुलाबा जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री (ब्रिटिश भारतीय सैन्याची पलटण). १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला आणि ते सोडून सगळे पडले. ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले, हातबॉम्ब टाकला, गोळ्या संपल्यावर बंदूक उलटी धरून लढले. दडून बसलेल्या नेमबाजांनी त्यांना तिथेच टिपलं. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. युद्धात असे २५ लाख भारतीय सैनिक होते आणि त्यांच्या देशाला युद्धात उतरवताना कोणीही विचारलं नव्हतं.

मधली_ओळ

दगडफूल, मॉस्कोचा मुद्दा मान्य. फक्त एक सावधगिरी. म्युनिकचा धडा सरसकट लावण्यानेही अनर्थ झालेत. १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, तेव्हा ब्रिटिश पंतप्रधान ईडन यांना त्यात नवा मुसोलिनी दिसला. इस्रायल आणि फ्रान्सशी गुप्त संगनमत करून फौज उतरवली, अमेरिकेने पौंडाची कोंडी केल्यावर माघार घ्यावी लागली आणि जानेवारी १९५७ मध्ये ईडन पायउतार झाले. आपल्या देशातला कालवा ताब्यात घेणं आणि शेजारचा देश गिळणं यात फरक करता आला नाही.

उत्तरवाट

म्हणूनच मी माणसाच्या भाषणांपेक्षा त्याचे जमाखर्च बघा म्हणतो. नासेरला कालव्याच्या उत्पन्नातून अस्वान धरण बांधायचं होतं. हिटलरला चेकांच्या सोन्यातून आणखी शस्त्रं हवी होती.

१९४० नंतर हेच मोठ्या आकारात दिसतं. स्वीडनचं लोहखनिज हिवाळ्यात नार्विक बंदरातून येतं, म्हणून नॉर्वे. तेल रोमानियाचं, ते पुरत नाही. उरलेलं तेल, धान्य, मँगनीज करारानुसार सोव्हिएत संघ पाठवतो, म्हणजे आपला गळा स्टालिनच्या हातात, म्हणून युक्रेनचं धान्य आणि कॉकेशसचं तेल बळाने घ्यायचं. २२ जून १९४१ च्या पहाटे तोफा सुरू झाल्या, त्याच्या काही तास आधीपर्यंत मालाने भरलेल्या सोव्हिएत गाड्या सीमा ओलांडून जर्मनीत येत होत्या.

बाल्कनमध्ये मुसोलिनीने ऑक्टोबर १९४० ला ग्रीसवर केलेला हल्ला आणि त्यापायी जर्मनीला युगोस्लाव्हिया-ग्रीसमध्ये उतरावं लागणं, हा भाग माझ्या लिखाणात आलेला नाही. पानगळ किंवा निळी शाई, तुमच्यापैकी कोणी त्यावर लिहिलंत तर मी तो इथेच वर जोडून घेईन.